बारा महिने तेरा काळ फिएस्टा!

टोमॅटोंची रंगपंचमी आपण सिनेमात पाहिली. पण स्पेनचे सण चालवतं कोण? चक्क गल्लीतली मंडळं! रजेचा अर्ज टाकण्याआधी त्यांची ही ओळख.

स्पेनला जायचा विचार चाललाय, असं ऑफिसात लंच टेबलवर नुसतं पुटपुटून बघा. निम्मी जनता ओरडेल, 'टोमॅटिना!' उरलेली म्हणेल, 'ते बैलांपुढे पळतात ते!' हा सगळा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'चा प्रताप. २०११ मध्ये हृतिक, फरहान आणि अभय देओल पडद्यावर लाल चिखलात लोळले, शेवटी बैलांपुढे जीव खाऊन धावले आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची बकेट लिस्ट ठरून गेली. त्याच वर्षी बंगळूर आणि म्हैसूरला देशी टोमॅटिना भरवायचा घाटही घातला गेला होता. टोमॅटोची नासाडी नको म्हणून कर्नाटक सरकारने तो हाणून पाडला.

तर आधी टोमॅटिनाच उरकून घेऊ. व्हॅलेन्सियापासून चाळीसेक किलोमीटरवर बुन्योल नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दहा हजार. ऑगस्टचा शेवटचा बुधवार. घरांच्या दर्शनी भिंतींवर ताडपत्र्या चढलेल्या असतात. चौकात साबण फासलेल्या खांबाच्या टोकाला एक अख्खा हॅम टांगलेला असतो आणि तो काढायला पोरं एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढत-घसरत असतात (ओळखीचं वाटतंय ना?). मग बार उडतो, ट्रक येतात आणि पुढचा एक तास गल्लीत शंभरावर टन टोमॅटोंचं सार! टोमॅटो हातात चिरडूनच मारायचा, दुसरा बार उडाला की हात थांबवायचे. नियम एवढेच. २०१३ पासून याला तिकीट आहे आणि साधारण वीस हजार माणसांनाच आत घेतात, कारण त्याआधी गर्दी चाळीस हजारांच्या पुढे जायची. गावाच्या चौपट पाहुणे! सांगा, कुठल्या यजमानाला झेपणार?

सिनेमात जे नाही ते आता ऐका. १९४५ मध्ये चौकातल्या पोरांच्या मारामारीतून हा प्रकार सुरू झाला. पुढे जनरल फ्रँकोच्या राजवटीत त्यावर बंदी आली. १९५७ मध्ये गावकऱ्यांनी काय करावं? शवपेटीत एक भलाथोरला टोमॅटो ठेवला आणि बँड लावून त्याची अंत्ययात्रा काढली. हुकूमशाहीत! सरकारने बंदी उठवली. कार्निव्हलचीही तीच कथा. १९३७ मध्ये फ्रँकोने तो बंद केला, तर तेनेरिफेच्या लोकांनी पुढे तो 'हिवाळी उत्सव' असं सोज्वळ नाव देऊन चालू ठेवला. कादिसमध्येही नाव बदलून गाणी सुरूच राहिली. आज फेब्रुवारीच्या सुमारास कादिसला गेलात तर दिवसा नोकरी-धंदा करणारी माणसं रात्री भन्नाट वेशात पुढाऱ्यांची सालटी काढताना दिसतील. भाषा कळली नाही तरी वगनाट्यातली बतावणी आठवते.

मुद्दा असा, की स्पेनमधला कुठलाही सण थोडा खरवडला की खाली एक मंडळ सापडतं. नावं वेगवेगळी. व्हॅलेन्सियात कमिशन, सेव्हिलमध्ये बंधुमंडळ, पाम्पलोनात पेन्या, कॅटलोनियात कोया. वर्गणी, मीटिंगा, रुसवेफुगवे, हिशेब, सगळं साग्रसंगीत. आपण ज्याला 'इव्हेंट' म्हणतो ते त्यांचं अकरा महिन्यांचं काम असतं. पाहुण्याला तिकीट काढून रस्त्यावर शिरता येतं, मंडळात नाही. आणि मंडळात कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, यावरून तिथे खरीखुरी भांडणं झाली आहेत. त्यांच्याकडे येऊच.

मी कामानिमित्त एक वर्ष व्हॅलेन्सियात राहिले. तिथल्या सणाशी माझी पहिली गाठ पडली ती एका लॉटरीच्या कागदावर. सप्टेंबर महिना. शेजारच्या काकूंनी (तिकडे काकू म्हणत नाहीत, पण होत्या काकूच!) दार वाजवलं आणि नाताळच्या लॉटरीची एक पावती पुढे केली. पाच युरो. त्यातले चार लॉटरीत, एक गल्लीच्या 'फाया'ला. आपल्याकडे गणपतीची पावती फाडतात, अगदी तस्सं. आणि सण कधी? मार्चमध्ये!

हे फायास प्रकरण मात्र निवांत सांगण्यासारखं आहे. फाया म्हणजे चौकात उभारलेला पुतळ्यांचा डोलारा. मोठ्या मंडळांचा डोलारा चार-पाच मजली इमारतीएवढा उंच जातो. विषय बहुतेक वेळा टिंगलीचा. राजकारणी, सेलिब्रिटी, बिल्डर, पर्यटक, कोणी सुटत नाही. शहरात साडेतीनशेच्या वर कमिशनं आहेत, प्रत्येकाचा एक मोठा फाया आणि एक छोट्यांचा. म्हणजे सातशेच्या आसपास! १५ मार्चला हे सगळं उभं राहतं आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकतात. सगळं. वर्षभर कलाकाराने राबून केलेलं काम, त्यावर खर्च झालेले हजारो, मोठ्या मंडळांत लाखो युरो, सगळं स्वाहा. फक्त एक मोठी आणि एक छोटी आकृती लोकांच्या मतांनी वाचते. मोठीला जीवदान द्यायची ही प्रथा १९३४ पासूनची. वाचलेल्या आकृत्या शहरातल्या फायांच्या म्युझियममध्ये आहेत. तिथे जाच, दीड तासात शहराचा गेल्या नव्वद वर्षांचा विनोद बघून होतो.

१९ मार्च हा संत जोसेफचा दिवस. तो सुतार, म्हणून सुतारांचा सण. हिवाळ्यात दिवा टांगायला वापरलेले लाकडी खांब वसंतात नको म्हणून सुतार दारासमोर जाळायचे, त्याला पुढे कोणीतरी जुने कपडे चढवले, तोंड चिकटवलं आणि शेजाऱ्याची टर उडवली, अशी याच्या जन्माची गोष्ट सांगतात. आपल्या होळीच्या आसपासच येतो हा सण, आणि स्वभावही तोच!

१ मार्चपासून रोज दुपारी बरोब्बर दोन वाजता टाऊन हॉलच्या चौकात मासक्लेता होते. फटाके, पण दिवसाढवळ्या! बघायला असतो फक्त धूर. ही ऐकायची गोष्ट आहे. ताल धरत, चढत चढत जाते आणि शेवटच्या काही सेकंदांत पायाखालची जमीन आणि बरगड्या एकदमच थरथरतात. ऑफिसमधली सुटाबुटातली माणसं लंच ब्रेकमध्ये धावत येतात, डोळे मिटून उभी राहतात, संपलं की समीक्षकासारखी चर्चा करतात. आजची मध्ये जरा पडली, शेवट मात्र झक्कास! पहिल्या दिवशी मी कानात बोटं घातली होती. काकूंनी हात धरून खाली ओढली आणि तोंड उघडं ठेव म्हणाल्या, कानाला त्रास होत नाही. चौथ्या दिवसापासून मीही दोनच्या आधी मीटिंग संपवायला लागले.

खाण्याचं सांगायलाच हवं. या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर बुन्युएलो तळत असतात. लाल भोपळ्याचं पीठ, गरम तेल, वर साखर. घारगेच हो! फक्त ते चॉकलेटात बुडवून खातात. रस्त्यावर लाकडं पेटवून पाएया रांधतात आणि त्यात कोळंबी नसते, ससा आणि कोंबडी असते. हॉटेलात जी 'सीफूड पाएया' आपल्यापुढे येते, तिच्याबद्दल व्हॅलेन्सियाच्या माणसाशी वाद घालू नका. हरणार.

१९ तारखेची रात्र, क्रेमा. अग्निशमन दलाचे जवान आसपासच्या इमारतींवर पाण्याचे फवारे मारत उभे. वात पेटते, ज्वाळा चौथ्या मजल्याच्या वर जातात. आणि वर्षभर पावत्या फाडणाऱ्या बायका, रेशमी घागऱ्यात नटलेल्या पोरी हमसून हमसून रडतात. विसर्जनाच्या रात्री रिकाम्या मांडवाकडे बघून जे होतं तेच. एक खटकलं, तेही सांगते. हल्ली बरेचसे पुतळे थर्माकोलसारख्या फोमचे असतात आणि त्याचा काळाकुट्ट धूर घशात जातो. काही कलाकार पुन्हा लाकडाकडे वळले आहेत. लवकर वळोत सगळे.

२०१६ मध्ये फायासला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. पण या मंडळांची किंमत युनेस्कोपेक्षा दुसऱ्याच प्रसंगी कळली. २०२० मध्ये कोविडमुळे अगदी ऐन वेळी सण रद्द झाला. टाऊन हॉलच्या चौकात ध्यानस्थ बसलेल्या बाईचा प्रचंड पुतळा तयार होता, तिच्या तोंडाला मास्क लावला गेला आणि तो फोटो जगभर गेला. पुढचा फायास झाला थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला महापुराने व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त जीव घेतले. तेव्हा मंडळांच्या खोल्या पाण्याच्या बाटल्या, खराटे आणि कपड्यांनी भरल्या. यादी तयार होती, माणसं एकमेकांना ओळखत होती, किल्ली कोणाकडे असते हे ठाऊक होतं. मार्च २०२५ मध्ये फायास झाला, पूरग्रस्त गावांतल्या मंडळांनीही जमेल तसा केला.

(अकाउंट्सवाल्यांनो, मार्चमध्ये रजा मिळणार नाही हे माहीत आहे. तुमच्यासाठी पुढे एप्रिल आहे!)

एप्रिलकडे सरकताना सेव्हिल लागतं. ईस्टर आपल्या सणांसारखाच चंद्रावर चालतो, त्यामुळे तारीख कॅलेंडरात पाहून घ्या. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सान्ता, पवित्र सप्ताह. साठेक बंधुमंडळं आपापल्या चर्चमधून मूर्ती घेऊन कॅथेड्रलकडे निघतात. मेणबत्त्यांनी लखलखणाऱ्या अवजड चौथऱ्याखाली माणसं असतात, पडद्याआड, मानेवर वजन घेतलेली. त्यांना रस्ता दिसत नाही. पुढे चालणाऱ्या मुकादमाच्या हाकेवर पावलं पडतात. पालखी कशी नाचवतात हे पाहिलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावावं लागत नाही. बाजूने टोकदार उंच टोप्या घालून तोंड झाकलेले भाविक चालतात. अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्या टोळीची आठवण येऊन पहिल्यांदा दचकायला होतं, पण हा पोशाख त्यांच्यापेक्षा कित्येक शतकं जुना, पश्चात्ताप करणाऱ्याचा.

आता ते भांडण. या तोंड झाकलेल्या रांगांत बायकांना चालू द्यायचं का, यावर सेव्हिलच्या मंडळांत वर्षानुवर्षं वाद होता. बऱ्याच मंडळांनी आपणहून दार उघडलं, काही अडून बसली. अखेर २०११ मध्ये आर्चबिशपनेच फर्मान काढलं की सर्व मंडळांत बायकांना समान हक्क. वर्गणी चालते, मेणबत्त्या पुसायला चालतात, रांगेत मात्र नको, हा न्याय आपल्याही ओळखीचा आहे.

दुसरं संकट पावसाचं. शेकडो वर्षं जुन्या मूर्ती भिजवायच्या नाहीत, त्यामुळे ढग आले की मंडळाची बैठक बसते आणि 'निघायचं नाही' असं ठरलं की धिप्पाड पुरुष चर्चच्या दारात ढसाढसा रडतात. २०२४ मध्ये तर आठवड्यातले कितीतरी दिवस असेच गेले. गंमत म्हणजे त्या वर्षी अख्खा अँडालुसिया दुष्काळाने होरपळत होता, आणि पाऊस आला तो नेमका तेव्हाच. हसावं की रडावं?

दोन आठवड्यांनी याच शहरात फेरिया. १८४७ मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झालेली जत्रा, कल्पना एका बास्क आणि एका कॅटलन माणसाची, म्हणजे सेव्हिलची सर्वात सेव्हिली गोष्ट बाहेरच्यांनी दिलेली! आज तिथे हजाराहून जास्त तंबू असतात, झालरींचे घागरे, घोडागाड्या, नाच, शेरी वाईनमध्ये लिंबू सोडा घातलेलं गार पेय. फक्त एक गोची आहे. बहुतेक तंबू खासगी असतात, कुटुंबांचे, कंपन्यांचे, क्लबांचे. ओळख नसेल तर दारातूनच परत. महापालिकेचे आणि काही संघटनांचे तंबू सर्वांना खुले असतात, ते आधी शोधून ठेवा. नाहीतर दुसऱ्याच्या लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं.

एप्रिलमध्येच देशाच्या दुसऱ्या टोकाला, बार्सिलोनात, माझा सगळ्यात लाडका दिवस येतो. २३ एप्रिल, सान्त जोर्दी. या दिवशी माणसं एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात. पूर्वी पुरुषाने गुलाब, बाईने पुस्तक असं होतं, आता कोणीही कोणालाही काहीही. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला, त्यामागे हीच प्रथा. आणि सर्वात भारी म्हणजे या दिवशी सुट्टी नसते! सगळे ऑफिसला जातात, येता-जाता रस्त्यावरच्या स्टॉलवर पुस्तकं चाळतात आणि संध्याकाळी मेट्रोत प्रत्येकाच्या हातात एक लाल गुलाब. आपल्या व्हॅलेंटाइनपेक्षा शंभरपट रोमँटिक!

जुलैतलं पाम्पलोना मी लांबून पाहिलं, आणि लांबूनच ठीक आहे असं माझं मत झालं. ६ जुलैच्या दुपारी बारा वाजता रॉकेट उडतं आणि १४ पर्यंत शहर पांढऱ्या कपड्यांत आणि लाल रुमालात. ७ तारखेपासून रोज सकाळी आठला बैलांची धाव, साधारण साडेआठशे मीटर, दोन-तीन मिनिटांत खेळ खल्लास. १९२६ मध्ये हेमिंग्वेची 'द सन ऑल्सो राइझेस' आली आणि जग इकडे धावायला लागलं. १९१० पासून सोळा धावपटूंचा जीव गेला आहे. बैलांचं काय? सकाळी जे धावतात तेच संध्याकाळी रिंगणात मारले जातात. आपल्या तिन्ही हिरोंनी हे सांगितलं नव्हतं! खुद्द स्पेनमध्येही यावर एकमत नाही. कॅटलोनियाने २०१० मध्ये बैलझुंजींवर बंदी घातली, २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली.

मैत्रिणींनो, आणखी एक. २०१६ च्या याच उत्सवात पाच पुरुषांनी अठरा वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार केला. २०१८ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला बलात्कार म्हणायचं टाळलं, तेव्हा देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बलात्कारच ठरवून शिक्षा पंधरा वर्षांची केली आणि २०२२ मध्ये स्पष्ट संमतीचा कायदा आला. आता उत्सवात जागोजागी लाल पंज्याचं चिन्ह दिसतं. हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. गर्दीत मजा करायचा हक्क तिथल्या मुलींनी असा भांडून मिळवला आहे.

गोविंदांनो, तुमचं बुकिंग मात्र कॅटलोनियात! तिथले मानवी मनोरे, कास्टेल, २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तिथले कास्टेलवाले आपल्या दहीहंडीलाही येऊन गेलेत, त्यामुळे ओळख जुनी. पण फरक बघा. कमरेला लांबलचक पट्टा करकचून गुंडाळलेला, वर चढणाऱ्याची तीच पायरी. खाली शेकडो माणसांची 'पिन्या', म्हणजे पाया. त्यात पर्यटकालाही कधीकधी 'ये रे, ढकल' म्हणून ओढून घेतात, मंडळात शिरायची हीच एक खिडकी! सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं चिमुरडं पोर जातं, हात वर करतं. पायाला वरचं काही दिसत नाही, पण सनईसारख्या वाद्याची धून बदलते आणि मनोरा कुठवर आला ते त्यांना कळतं. आणि पोराने हात वर केला म्हणजे मनोरा जिंकला असं नाही. सगळे थर न कोसळता, क्रमाने खाली उतरले तरच पूर्ण गुण! चढला पण उतरताना कोसळला, तर कमी. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मुली मोठ्या संख्येने आल्या, वरचे थर हलके झाले आणि मनोरे आणखी उंच गेले. २४ सप्टेंबरच्या आसपास बार्सिलोनाच्या ला मर्से उत्सवात हे फुकटात बघता येतं.

उरला डिसेंबर, आणि काकूंची ती पावती. २२ डिसेंबरला सकाळी माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं लॉटरीचे आकडे गाऊन काढतात, काही तास. ही लॉटरी १८१२ पासून चालू आहे. आमच्या ऑफिसचाही एक नंबर होता आणि झाडून सगळ्यांनी तो घेतला होता. हावेपोटी नाही हो, भीतीपोटी! बाकीचे करोडपती झाले आणि आपण एकटेच सोमवारी कामावर, ही ती भीती. २०११ मध्ये सोदेतो नावाच्या खेड्यात तेच झालं. गृहिणींच्या मंडळाने घरोघर विकलेल्या नंबरला पहिलं बक्षीस लागलं, गावातल्या सत्तरेक घरांपैकी एक सोडून सगळी मालामाल. आम्हाला? काकूंचे चार युरोही परत आले नाहीत.

३१ डिसेंबरला मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोलच्या घड्याळाचे बारा ठोके, प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष, असं नवं वर्ष लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण छत्तीसेक सेकंदांत बारा द्राक्षं म्हणजे गाल फुग्यासारखे! ग्रॅनडाजवळच्या बेर्चुलेस गावात १९९४ च्या अखेरच्या रात्री वीज गेली आणि सगळ्यांचाच हुकला. त्यांनी तो थेट पुढच्या ऑगस्टमध्ये साजरा केला, आणि तेव्हापासून दर ऑगस्टला करतात, द्राक्षांसकट. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला बेर्चुलेस, शेवटच्या बुधवारी बुन्योल. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, हिशेब तुम्हीच लावा. सोललेल्या, बिया काढलेल्या बारा द्राक्षांचा छोटा डबा तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतो. आणि घड्याळ आधी चार टोले देतं, ते पाव तासांचे असतात. त्यावर द्राक्ष खायचं नाही.